कातड्याची कड शिकायला नाचणगावी

शिवण उसवली तर पुन्हा घालता येते, पण कड फुलली की गिऱ्हाईक पिशवी फेकून देतं. पुण्यात मी चामड्याच्या पिशव्या शिवायचो तेव्हा माझं दुखणं हेच होतं. कातडं चांगलं, टाका सरळ, पण चार महिन्यांत कडेला बारीक तंतू सुटायचे आणि पिशवी म्हातारी दिसायची. अशात एक दिवस रेल्वेतले एक गार्डसाहेब तुटलेली कडी बसवून घ्यायला आले. त्यांची पिशवी सहा वर्षं गाडीत घासलेली, तरी कड शिंगासारखी गुळगुळीत. दोन थर चिकटवलेले आहेत हे नखालासुद्धा कळेना.

"कुठे घेतलीत?" मी विचारलं.

"वर्ध्याच्या बाजारात. करणारा नाचणगावचा भिवाजी, असं दुकानदार म्हणाला."

कडी बसवून होईपर्यंत माझं जायचं ठरलं होतं. "कड बघायला कोणी एवढ्या लांब जातं का?" असं बायको म्हणाली, पण दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या तिनेच बांधून दिल्या. मी केलेली सगळ्यात चांगली पिशवी बरोबर घेतली आणि निघालो.

पुण्याहून जाणाऱ्याने दौंडवरून मनमाड गाठावं आणि तिथे नागपूरची गाडी धरावी. मनमाडला चार तास बसावं लागलं. भुसावळला केळी घेतली. बडनेरा मागे पडल्यावर रुळांच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली, कापसाच्या गाड्या दिसू लागल्या. मधूनच निळ्या फुलांचे पट्टे यायचे. शेजारच्या माणसाने सांगितलं, तो जवस. पुलगावला उतरलो तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता. नवे पैसे येऊन वर्षही झालं नव्हतं. टांगेवाल्याने माझी नाणी हातावर उलटीपालटी केली आणि म्हणाला, "आण्यात द्या ना भाऊ, हे मले समजत नाई." माझ्याकडे आणे नव्हते, म्हणून चालतच निघालो. नाचणगाव जवळच आहे, रस्ता सपाट आहे. सामान हलकं असेल तर टांग्याची गरजही नाही.

भिवाजींचं घर लगेच सापडलं. पन्नाशीचा, उंच, बोलका माणूस. पुण्याहून आलो म्हटल्यावर त्यांनी हातातली कातडं कापायची रापी खाली ठेवली.

"एवढ्या दुरून? काऊन?"

"तुमची कड बघायला."

ते मोठ्याने हसले. आत वळून बायकोला म्हणाले, "गिरजा, पाहुणे आले. भाकर टाकजो." आम्ही एकाच कामातली माणसं, त्यामुळे उतरायचं कुठे हा प्रश्न आलाच नाही. ज्वारीची भाकर, वांगी आणि जवसाची चटणी असं जेवण झालं. चटणी मी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी भिवाजींनी सगळं दाखवलं. कातडं कसं बेततात, टाक्याला दोरा किती ओढतात, हे पाहताना माझे डोळे निवले. शिवणीत त्या माणसाला जोड नव्हती. मग मी कडेचं विचारलं. त्यांनी कड रापीने सारखी केली, पाणी लावलं, लाकडाने घासली, मेण चढवलं. मी हातात घेऊन पाहिली. बरी होती. पण अशी बरी कड तर मीही करत होतो. गार्डसाहेबांच्या पिशवीची कड ही नव्हती.

"अजून काही लावता का?"

"लावतो ना. मन लावतो," ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

मला वाईट वाटलं. धंद्यातली खुबी परक्याला कोण सांगतं, अशी मनाची समजूत घातली आणि परत जायच्या गाडीचा विचार करू लागलो. दुपारी पाणी प्यायला मागच्या दारी गेलो, तर गिरजाबाई शेतातून आलेल्या. उन्हात बसून त्या मांडीवरच्या पिशवीची कड घासत होत्या. हातात शिंगाचा तुकडा. त्याला घासून घासून कडेच्या जाडीएवढी खाच पडलेली. मला पाहून त्या थांबल्या, पण पिशवी लपवली नाही.

"मावशी, या सगळ्या कडा तुम्ही करता?"

"लगन झालं तवापासून."

"मग काकांनी हे मला सांगितलं का नाही?"

"मले कोणी पुसलंच नाई," त्या म्हणाल्या आणि पुन्हा घासू लागल्या.

भिवाजी दारात येऊन उभे होते. खाली बघत म्हणाले, "वर्ध्याचा दुकानदार पहिल्याच खेपेले म्हणे, भिवाजी, तुहा हात लय साफ हाय. मी हो म्हणून बसलो. मंग कसं सांगू?" गिरजाबाईंनी वर पाहिलं नाही.

मी माझी पिशवी आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कडेवर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ओली घासली." मग रापी माझ्या हातात दिली. कड सगळी काढून टाकायची होती. माझं सगळ्यात चांगलं काम मी माझ्याच हाताने छिलू लागलो.

त्यांनी जवस कढत पाण्यात भिजत घातला होता. त्याचा चिकट, पारदर्शक रस निघाला होता. कालची चटणी आणि ही खळ एकाच डब्यातली, हे ऐकून मला हसू आलं. रस बोटाने कडेला लावायचा आणि थांबायचं. किती वेळ, म्हणून विचारलं तर त्यांनी पिशवी उचलून कड गालाला लावली.

"गार लागली पाह्यजे. ओली नाई. ओली असली त फुगते, सुकली त जळते."

मी घाई केली, कड फुगली. पुन्हा छिलली. दुसऱ्यांदा फार थांबलो, कड काळी पडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक वीतभर कड अशी जमली की बोट घसरलं. गिरजाबाईंनी ती गालाला लावली आणि नुसती मान हलवली.

चौथ्या दिवशी माल पोचवायला दोघं वर्ध्याला निघाले. मीही बरोबर गेलो. मोटार धूळ उडवत गेली, गिरजाबाईंनी पिशव्यांची गाठोडी मांडीवर धरली होती. दुकानदाराने एक पिशवी उजेडात फिरवली आणि म्हणाला, "वा भिवाजी! हात आहे की काय आहे!"

भिवाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "शेठ, शिवण माही हाय. कड हिची हाय. सुरुवातीपासून."

दुकानदार गिरजाबाईंकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हसणार, नाहीतर माल बाजूला सारणार. तो आत गेला आणि दुसऱ्या कुठल्या कारागिराचा एक पट्टा घेऊन आला. कड पार पिंजलेली. भिवाजींना ओलांडून त्याने तो गिरजाबाईंपुढे धरला.

"बाई, याचं काही होईल का?"

गिरजाबाईंनी पट्टा घेतला, नखाने खरवडून पाहिला. "होते," त्या म्हणाल्या, "पण पंधरा दिवस लागन." इतका ठाम आवाज मी त्यांचा घरात ऐकला नव्हता. भिवाजी शेजारी उभे राहून अगदी लहान मुलासारखे हसत होते.

मी वर्ध्याहूनच गाडी धरली. जाणाऱ्यांनी माघाच्या सुमाराला जावं, हवा चांगली असते आणि नवा जवस घरात येतो. तिथून मी दोन शेर जवस आणला, पण तो काही न मिळणारा जिन्नस नव्हे, पुण्यातही मिळतो. नव्याने शिकलो ते थांबणं. कड गार होईपर्यंत हात रिकामे ठेवणं मला आजही जड जातं.

घरी पहिली पूर्ण पिशवी झाली ती विकली नाही, टपालाने नाचणगावला पाठवली. महिन्याभराने कार्ड आलं. अक्षर कुणा शिकलेल्या माणसाचं, पण शब्द कुणाचे ते वाचताच कळलं.

"पिशवी पोचली. कड बरी हाय. उजव्या कोपऱ्यात घाई केली."