पडवीतलं लेकरू

काकूंनी पदर खोचून दोन्ही हात आडवे पसरले, की समजायचं, आमच्या गल्लीतली रहदारी बंद. एकदा भर दुपारी त्यांनी तांदळाची पोती घेऊन निघालेला ऑटो अडवला. ऑटोवाला हॉर्न वाजवून थकला.

"काकी, रास्ता तो दो!"

"देतो ना बाप्पा. पहिले तिले जाऊ दे."

'ती' म्हणजे एक गांधीलमाशी. अंग निळसर काळं, पंख विटकरी. आपल्याहून मोठा कोळी तोंडात धरून ती उलट्या पावलांनी रस्ता ओलांडत होती. ऑटोवाला चिडून खाली उतरला, त्याने वाकून पाहिलं, आणि तोही तिथेच उकिडवा बसला. मी समोरच्या ओट्यावर भाजी निवडत होते. मनात म्हटलं, घ्या, आणखी एक गेला कामातून!

तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेलच. काकू सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. बालाघाटातल्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, त्यामुळे मोठमोठे मिशीवालेही त्यांच्यापुढे नरम. काका गेलेले, मुलगा पुण्याला नोकरीला, घरात काकू एकट्या. अशा बाईने देवधर्म करावा, टीव्हीवर सिरियल पाहाव्या. यांना नाद लागला गांधीलमाश्यांचा.

"पाह्य वं," मला ओढून नेत त्या सांगायच्या, "मकडीले ती मारत नाई. सुई देते. एक सुई, की मकडी जागच्या जागी लुळी. जित्ती राह्यते, पण हालत नाई. मंग तिले बिळात नेते, तिच्यावर एक अंडं घालते, अन् माती लोटून दार बंद."

"अन् मग?"

"मंग काय, लेकरू निघते अन् ताजं ताजं खाते."

"शी!"

"शी काहून? तू तुह्या लेकरासाठी फ्रिज नाई घेतला का?"



मोबाइलवर त्यांनी या गांधीलमाशीची परदेशातली मोठी बहीणही शोधून काढली होती. ती म्हणे वाळवंटात तळहाताएवढा केसाळ कोळी लोळवते, आणि तिचा डंख बसला की धडधाकट माणूस आडवा पडून नुसता ओरडतो. दळण घेऊन निघालेल्या बायकांना थांबवून काकू तो व्हिडिओ दाखवायच्या. शेवटी बायकांनी चक्कीवर जायचा रस्ताच बदलला.

तर मागच्या हिवाळ्यात काकू न्हाणीत घसरून पडल्या. हाड वाचलं, पण मुलगा घाबरला. पुण्याला चल म्हणून त्याचा रोज फोन. काकूंना जायचं नव्हतं. तसं त्या कधी बोलल्या नाहीत, पण आज दात दुखतो, उद्या हट्ट्याला भाचीचं लग्न आहे, असं काहीतरी निघायचंच. आषाढात एका गांधीलमाशीने थेट काकूंच्या पडवीत, पाऊस येत नाही त्या कोपऱ्यात, बीळ कोरलं आणि आत कोळी पुरला. त्याच संध्याकाळी काकूंनी मुलाला शब्द दिला.

"माह्या पडवीत लेकरू हाय. ते निघू दे. निघालं की त्याच दिवशी तुले फोन करतो. मंग ने मले."

मुलगा हसून हो म्हणाला. त्याला वाटलं, आठवडाभराची गोष्ट असेल.

पडवी शेणाने सारवताना काकू तो कोपरा सोडायच्या, आणि कोणाचा पाय पडू नये म्हणून बुजलेल्या बिळाभोवती रांगोळीचं रिंगण काढायच्या. इथेच घोळ झाला. लामत्याहून आलेल्या एका नव्या सुनेने तो मातीचा उंचवटा आणि भोवतीची रांगोळी पाहिली, आणि काकूंच्या पडवीत नागोबाचं ठाणं आहे असं सगळीकडे सांगितलं. नागपंचमीला सकाळीच बायका दुधाच्या वाट्या, लाह्या आणि हळदकुंकू घेऊन हजर! काय होतंय ते पाहायला मीही मागोमाग गेले.

काकू न्हाऊन बाहेर आल्या तेव्हा पहिली वाटी वाकली होती.

"अवं थांबा! नाग नाई तिथं!"

"सणाच्या दिवशी असं म्हणू नये, काकू," एक म्हातारी म्हणाली आणि तिने हात आणखी पुढे नेला. माशी, अंडं, मकडी हे सगळं समजावायला वेळ कुठला? काकूंनी दवाखान्यातला आवाज काढला.

"बाळंतिणीच्या खोलीत थंडं दूध ओतता काय वं? आत लेकरू हाय!"

वाट्या जागच्या जागी थांबल्या. कोणाचं लेकरू, कसलं लेकरू, कोणी विचारलं नाही. त्यातल्या बऱ्याच जणी त्याच आवाजाच्या धाकात बाळंत झाल्या होत्या. म्हातारीने लाह्या परत पदरात घेतल्या आणि हळूच विचारलं, "धुरी देऊ का?"

"काई देऊ नका. हवा येऊ द्या."

दुधाची खीर झाली, ती आम्ही तिथेच बसून खाल्ली. काकूंनी दिलेला शब्दही त्या दिवशी सगळ्यांना कळला. मग काय विचारता! पडवीत कोणी मोठ्याने बोलेना, मांजर दिसली की चार जणी धावायच्या. ते लेकरू सुखरूप निघावं असं सगळ्यांना वाटत होतं, आणि ते निघूच नये असंही सगळ्यांना वाटत होतं.

गणपती बसायच्या थोडं आधी एका सकाळी काकूंची हाक आली. मी ओल्या हातांनी धावले. माती फोडून ती बाहेर आली होती आणि मिशा पुसत बसली होती. थोडं चालली, पंख झटकले, आणि भिंतीवरून सरळ निघून गेली. काकू लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवत होत्या.

"माय पाह्यली नाई, कोणी शिकवलं नाई, अन् पाह्य, चालली बी!"

मला मात्र रडू आलं. मी म्हटलं, "काकू, कोणी पाहिलं नाही. माती सारखी करू, रांगोळी काढू. मी कोणालाच सांगत नाही. तुम्ही जाऊ नका."

काकू पोट धरून हसल्या. "अवं पागल, दिवस भरल्यावर लेकरू पोटात राह्यते का कधी?" आणि डोळे पुसत त्यांनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला.

मुलगा आला. सामान ऑटोत चढलं. "आई, गाडी सुटेल," तो घाई करत होता. काकूंनी शेणमाती कालवली, वाकून ते रिकामं बीळ लिंपलं आणि अख्खा कोपरा नीट सारवून काढला. मग हात धुतले, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"आता कोणीबी पाय ठेवा इथं," त्या म्हणाल्या.

पडवी मीच झाडते. बायका येतात, टेकतात, काकूंना फोन लावून गप्पा मारतात. त्या कोपऱ्यावर अजून कोणी पाय ठेवत नाही.