गोळी घेतली का भूक लागते

एचआयव्हीच्या मोफत गोळ्या आमच्याकडे नुकत्याच मिळू लागल्या होत्या, त्या दिवसांत मी महाडच्या एका दवाखान्यात समुपदेशक होते. पेशंटला महिन्याच्या गोळ्या द्यायच्या, वजन करायचं आणि चार गोष्टी समजावून सांगायच्या. त्यातली एक ठरलेली : दूध, अंडी, कडधान्यं, फळं खात जा. मी ती पाढ्यासारखी म्हणायचे.

कुडपणच्या बाजूच्या एका वाडीवरून एक बाई यायची. तिशीची असेल. नवरा मुंबईत कामाला होता, तिथंच आजारी पडला, गावी आणल्यावर गेला. मागे ही, दोन मुलं, सासू आणि एक म्हैस. डोंगर उतरून पोलादपूर, तिथून एसटीनं महाड. पण तारीख कधी चुकली नाही. गोळ्या सुरू झाल्यावर तिचे गाल भरले, मुलांबद्दल बोलायला लागली.

श्रावणात तिचं वजन उतरलं. भादव्यात आणखी उतरलं, वर खोकला. मी डबी उलटी केली, तर निम्म्या गोळ्या शिल्लक. मी चिडलेच.

"मरायचंय का तुम्हाला? मुलांकडे कोण बघणार?"

ती शांतपणे म्हणाली, "म्याडम, गोळी घेतली का भूक लागते. लय लागते. तांदूळ आषाढातच सरले, नाचणी अजून शेतात हाय. घरात हाय ते पोरांना घालू, का गोळीला?"

मी रेशनचं विचारलं, तर तिचं नाव अजून नवऱ्याच्या मुंबईच्या कार्डावर होतं. इथं तिला दाणाही मिळत नव्हता.

पुढच्या आठवड्यात तिला विचारून मी तिच्या घरी गेले. 'एसटीत ओळख झालेली बाई' म्हणून, कारण सासूला तिनं टीबी सांगितला होता. ती म्हशीला गवत आणायला गेली, तशी सासू माझ्याजवळ सरकली.

"तू दवाखान्यातली दिसतेस. खरं सांग गो बाय, हिला माझ्या पोराचाच रोग हाय ना?"

 सांगायची मला परवानगी नव्हती.

"नको सांगू. त्याचं सगळं मी केलंय, मला कळतं. ही म्हणते, मी शेतावरच खाल्लं. खोटं बोलते. मी पण म्हणते, मला उपास हाय. भादव्यात माझा रोजच उपास!" म्हातारी हसली.

एकाच चुलीपुढे दोघी एकमेकींपासून भूक लपवत होत्या.

सून भारा घेऊन आली. तो खाली ठेवायच्या आधीच सासू म्हणाली, "उद्यापास्नं सगळं दूध हाटेलात जायचं नाय. तांब्याभर घरात ऱ्हायल. गोळीच्या आधी तू प्यायचं."

"आणि तेल-मीठ कशावर आणायचं?"

"कमी तेलात कालवण होतं गो. तू गेलीस तर आमचं काय होणार हाय?"

सून उंबऱ्यावर बसून रडली. सासूनं तिला रडू दिलं, मग भाकरीचा तुकडा हातात ठेवला.

खोकला खरोखरच टीबीचा निघाला. त्याचे उपचार झाले. कार्डासाठी मी तिच्याबरोबर तहसील कचेरीत किती खेपा घातल्या, आता आठवत नाही. पण होळीच्या सुमारास तिचं नाव गावच्या कार्डावर चढलं आणि धान्य सुरू झालं. वजन फार हळू वाढलं. पुढचा पावसाळाही ओढाताणीचाच गेला, पण डबीत गोळ्या उरल्या नाहीत. मीही तोवर दूध-अंड्यांचा पाढा सोडला होता. आधी विचारायचे, सकाळी काय खाल्लंत?

एकदा म्हातारी सुनेबरोबर स्वतः आली. बाकावर बसलेल्या पेशंटांकडे बराच वेळ बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, "ह्या सगळ्यांना जेवायला मिळतं का गो?"

"सगळ्यांना नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि पोलादपूरची गाडी किती वाजता आहे, ते विचारलं.