कच्चा वास जाईपर्यंत

दिवाळीच्या माळा अजून गॅलरीतून उतरवल्याही नव्हत्या, तेव्हा बालाघाटहून मामांचा फोन आला. मामा स्वतः फोन कधी लावत नसत. लावायची मामी, बोलायची मामी आणि शेवटी 'घे, मामासंग बोल' म्हणून तो त्यांच्या कानाला धरायचीही मामीच. त्यामुळे पलीकडून थेट त्यांचा आवाज आला, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. "मंदे, तुही मामी गेली," ते म्हणाले. मग, "सकाळी चहा घेतला होता तिनं... साखर कमी हाय म्हणाली." गोंदियाहून बालाघाट काही लांब नाही, पण त्या दिवशी बस सरता सरत नव्हती.

तेरवीला जमलेल्या बायका शकूमामीच्या उपासतापासांबद्दल हळू आवाजात बोलत होत्या. मी मान डोलावत होते, आणि डोळ्यांसमोर मामी येत होती ती गॅसपाशी उभी असलेली, नाकाचा शेंडा वाफेत घातलेली, गंजातली पोर्ट वाइन डावाने ढवळणारी. गंज म्हणजे आमच्याकडचं उभं, खोल पातेलं. मामीच्या त्या गंजात वर्षभर दूध तापायचं, आणि नाताळच्या सुट्ट्यांत मात्र वाइन उकळायची. उपास करणारी मामी खरीच होती, पण ही मामी जास्त खरी होती.

ही वाइन आमच्या घरात आली मलाजखंडमध्ये. मामा तिथे तांब्याच्या खाणीत फोरमन होते. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळ्या सुट्ट्यांत त्यांच्या क्वार्टरवर माझं राज्य असे. तेव्हा मामा प्यायचे, चांगलेच प्यायचे. एका थर्टी फर्स्टला पार्टीहून परतताना ते स्कूटरसकट नाल्यात गेले, हात मोडला, आणि प्लास्टर निघायच्या आत त्यांनी दारू सोडली. सोडली ती कायमची. पण दारूबरोबर माणसंही सुटली. दोस्त बोलवायला आले की हे म्हणायचे, डोकं दुखते. सगळी कॉलनी हसत-खिदळत असायची आणि मामा अंथरुणात शिरून भिंतीकडे तोंड करून पडायचे. मामीला त्यांच्या पिण्यापेक्षा हे जास्त लागलं. "पीत होता तं निदान बोलत होता माणूस," ती माझ्या आईला म्हणाली होती.

शेजारी मार्था आंटी राहायच्या, केरळच्या. नाताळात त्या पोर्ट वाइनमध्ये लवंग, दालचिनी, संत्र्याची साल घालून ती मंद आचेवर तापवायच्या आणि छोट्या कपांतून द्यायच्या. मामीने ती कृती समजून घेतली, आणि पुढच्या वर्षी मामांच्या दोस्तांना आपल्याच घरी बोलावलं. "इंग्रजी पाजते तुम्हाले," असं आमंत्रण. आंटींनी बजावून सांगितलं होतं, "भाभी, उबालना नहीं, बस गरम करना." मामीने ऐकून घेतलं आणि घरी येऊन म्हणाली, "न उकळता? कच्चीच?" वरणाची डाळ असो, तर्री असो की काढा, जोवर कच्चा वास जात नाही तोवर ते भांडं आचेवरून उतरत नाही, हा आमच्याकडच्या बायकांचा धर्मच. त्यात पोर्ट म्हणजे साध्या वाइनपेक्षा कडक, जास्त चढणारी. मामीने गंजात वाइन ओतली, तांब्याभर पाणी टाकलं, गुळाचा खडा, मिरे, लवंगा, दालचिनी, जायफळ, नागपुरी संत्र्याची सालं... आणि सगळं आटून अर्धं होईपर्यंत रटारटा उकळलं.

आणि ती सगळ्यांना चढली! मामांचे दोस्त, लांजीचे टेंभरेकाका दुसऱ्या ग्लासाला गाऊ लागले, तिसऱ्याला रडले. मामा पलंगावर मधोमध मांडी घालून बसले, हातात स्टीलचा वाफाळता ग्लास, आणि खाणीतले ते जुने किस्से असे सांगू लागले की मार्था आंटी पदरात तोंड लपवून हसत होत्या. तेव्हापासून दर नाताळात हा दरबार भरू लागला. मामा रिटायर झाले, बालाघाटला घर बांधलं, तरी टेंभरेकाका लांजीहून बसने यायचेच.

आंटी केरळला परतल्या आणि बाटली आणायचं काम मामीवर आलं. मामांना ती त्या दुकानाकडे फिरकू देत नसे. चांगलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, भाजीची थैली घेऊन ती स्वतः इंग्रजी दारूच्या दुकानात गेली. मी लाजून रस्त्यापलीकडे उभी. रांगेतल्या माणसांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. तिने बाटली उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "भैया, ताजी है ना?" दुकानदार म्हणाला, "अम्माजी, ये तो जितनी पुरानी उतनी अच्छी." मामी घरापर्यंत बडबडत आली, "शिळं ते शिळं देते, आन वर तोंड करून सांगते!"

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकत होते त्या वर्षी मला राहवलं नाही. तिच्या शेजारी उभी राहून म्हटलं, "मामी, अल्कोहोल पाण्याच्या आधी उडतं. इतकं उकळल्यावर यात काही राहत नाही गं. हे सरबत झालं." तिचा डाव थांबला नाही. बाहेरच्या खोलीकडे एकदा पाहून म्हणाली, "हळू बोल पोट्टे. मंग मी काय इतका वेळ उगीच उभी हाय?"

बाहेर टेंभरेकाकांनी तान घेतली होती. मामांचं हसणं ऐकू येत होतं. मामी माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवून हसली... आणि त्या दिवसापासून तिच्या त्या गुपितात मी भागीदार झाले.

म्हणून यंदा डिसेंबरात मामांचा दुसरा फोन आला तेव्हा मी हादरले. "पंचवीसले ये. टेंभरे पण येऊन राह्यला. बाटली आणली मी." मामांनी आणली? स्वतः? घरात एकटा माणूस, मामी नाही, आणि कपाटात पोर्टची बाटली. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. पंचवीसला दुपारचीच बस पकडली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर ओट्यावर बाटली... रिकामी.

तेवढ्यात लवंगेचा वास आला. मामा गॅसपाशी उभे होते, खांद्यावर टॉवेल, आणि गंजावर वाकून वाफ हुंगत होते. "नाही जमलं अजून," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कच्चा वास येते." मी तिथल्या स्टुलावर बसलेच. "मामा, तुम्हाले माहीत होतं?"

"इतकी वर्सं पेलो मी मंदे. मले दारू नाही समजत का? पहिल्याच घोटात समजलं."

"मंग मामीले सांगितलं काहून नाही?"

"तिले वाटे का मले माहीत नाही. खुश होती ना ती..." मामांनी टॉवेलने डोळे पुसले, मग वाफेवर चिडल्यासारखं करून गॅस कमी केला.

टेंभरेकाका आले, दुसऱ्या ग्लासाला गायलेही. मग एकदम थांबून म्हणाले, "बाकी काही म्हणा, वहिनीच्या हातची जास्त चढे." मामांनी माझ्याकडे पाहिलं. "हौ," ते म्हणाले, "तिच्या हातची लईच चढे."

निघताना मी तो गंज घासला. आत जांभळं कडं पडलंय, ते मामीलाही कधी निघालं नाही. मामीची आठवण म्हणून हा मला द्या, असं म्हटलं. मामांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, पुसला आणि फळीवर जागच्या जागी पालथा घातला.

"तो नाही भेटन," ते म्हणाले. "पुढल्या नाताळले लागन मले."