आमच्या नाचाच्या तीन कॅसेटी

आमच्या नाचाच्या एकंदर तीन कॅसेटी निघाल्या. पहिली बरी खपली, दुसरी फार खपली, तिसरी कोणी घेतली नाही. आता गावात त्या वाजवायचं यंत्रही कोणाकडे उरलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

नाच म्हणजे जाखडी. मधे गाणारा बुवा बसतो, शेजारी ढोलकीवाला, मागे झील धरणारे, म्हणजे ध्रुपद उचलणारे, आणि भोवती पायात चाळ बांधलेले नाचणारे गोल फिरत राहतात. बुवा गाणं संपवत नाही तोवर त्यांनी थांबायचं नसतं. यात दोन पक्ष. शक्ती मोठी म्हणणारे शक्तीवाले, शिव मोठा म्हणणारे तुरेवाले. समोरासमोर बसतात, एकाने पुराणातला सवाल घालायचा, दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचं. आमचा नाच शक्तीवाल्यांचा आणि बुवा माझा नवरा.

मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा तो वळकटी घेऊन गावी आला. शेती थोडी, हाताला काम नाही, गळा मात्र शाबूत. मुंबईत राहिलेल्या गाववाल्यांनी कॅसेट काढायचं ठरवलं आणि ह्या सगळ्यांना तिकडे बोलावून घेतलं.

तिथल्या मशीनवाल्याने नाचणाऱ्यांना बाहेर बाकावर बसवलं. म्हणाला, पायांची धडधड आत येते. नवरा मधे बसला आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. गाताना डोळ्यांसमोरून माणसं फिरत जायची त्याला सवय, आणि इथे समोर नुसती भिंत. शेवटी दोघांना आत घेतलं. त्यांनी चाळ सोडून, पाय न वाजवता गोल फिरायचं, आणि कोपऱ्यात उभ्या तिसऱ्याने चाळ हातात धरून वाजवायचे. तेव्हा कुठे गाणं भरलं. हे त्याने मला भाकरी खाताना सांगितलं. पुढे कितीतरी दिवस मला तेच दिसत राहिलं. बंद खोली, खिडकी नाही, आणि दोन माणसं मुक्यानं फिरतायत, फिरतायत.

कॅसेट आली आणि नवऱ्याचा आवाज त्याच्यापासून सुटा झाला. आम्ही शेतात भाताची लावणी करत असायचो, वरच्या कातळी माळावर, सड्यावर, धुकं उतरलेलं असायचं आणि कुठल्या तरी वाडीतल्या बारशाच्या कर्ण्यातून तो गायला लागायचा. वारा फिरला की आवाज जवळ यायचा, पुन्हा लांब जायचा. आणि तो स्वतः माझ्यासमोर गुडघाभर चिखलात, तोंड बंद, हातात रोपांची मूठ. वाटायचं, ह्यातला आपला कुठला? मग समोरचा शिंकायचा आणि खात्री पटायची.

मी तेव्हा हातखंब्याच्या तिठ्यावर भाजी विकायला बसत असे. पडवळ, काकडी, अळू. शेजारी कॅसेटचं दुकान होतं. दुकानदार दर आठवड्याला बाहेरच्या फळ्यावर सगळ्यात जास्त खपलेल्या कॅसेटींची नावं खडूने लिहायचा, पहिल्यापासून पाचवीपर्यंत. मी चौथी शिकलेली. फळा सहज वाचता येत होता.

"वैनी, बुवा चौथ्या नंबराला आलं बगा," तो एकदा म्हणाला.

"वर कोण हाय?"

"वर सगळी शिनेमाची. त्यांना कोण हालवणार?"

"तुमच्याच हातात खडू हाय मा? हालवा की."

"जल्ला, तसा करून भागत असता तर मी माझ्या बायकोचाच नाव वर लिवला नसता?"

तो फळा मी रोज बघायची. उन्हात खडू फिकट व्हायचा, पावसाची झड आली की आमचं नाव ओघळून खाली यायचं, मग तो पुन्हा लिहायचा. चौथा, तिसरा, पुन्हा चौथा. एक आठवडा दुसराही आला. घरी जाऊन सांगितलं की नवरा नुसता हुं म्हणायचा आणि त्या दिवशी जास्त भात खायचा.

त्या कॅसेटवर त्याने आपला हुकमी सवाल घातला होता. गणपतीचं पहिलं मस्तक उडालं ते पडलं कुठे? गणपती विसर्जनानंतर तुरेवाल्यांशी सामना ठरला, तेव्हाही तोच सवाल घालायचं त्याने ठरवलं. मी म्हटलं, "अवो, तो सवाल तर चहाच्या हाटेलातपण वाजतोय."

"वाजू दे. तुरेवाला कसा ऐकंल? आमचा शब्द कानावर पडला तर उठून जातात ते."

हे खरंच होतं. एका पक्षाच्या बुवाने दुसऱ्याचं गाणं मैदानाबाहेर ऐकायचं नाही, अशी आमच्याकडची चाल. माझा नवराही त्यांचं गाणं लागलं की पानाची टपरी सोडून रस्त्यावर जायचा, पावसातसुद्धा. पण टपरी सोडता येते. कर्णा वाजत असेल तर माणूस गाव सोडून जाणार आहे का? मी हे बोलले. त्याने ऐकलं नाही.

सामना भरदुपारी ठेवला, कारण मुंबईचा मशीनवाला दोन्ही पक्षांची कॅसेट भरायला आला होता आणि त्याला संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. दुपारची जाखडी म्हणून लोक हसले, पण आले सगळे. पाऊस उघडला होता. सड्यावर बारीक जांभळी फुलं इतकी दाटली होती की पाय कुठे ठेवावा कळेना. ऊन पिवळं, मऊ. नाचणाऱ्यांच्या सावल्या त्या फुलांवरून फिरत होत्या आणि मला डोळ्यांवर पेंग आल्यासारखं झालं होतं.

नवऱ्याने सवाल घातला. तुरेवाल्या बुवाने श्वाससुद्धा घेतला नाही, लगेच दाखल्यासकट उत्तर गायला सुरुवात केली. चालही आमचीच उचललेली. लोक आरडले. मग त्याने आपला सवाल घातला. देवदानवांनी समुद्र घुसळला, मंदार पर्वताची रवी केली. अमृत निघालं, भांडणं झाली, सगळे आपापल्या घरी गेले. मग ती रवी धुतली कोणी?

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. नवरा हसला नाही. त्याने पहिली ओळ उचलली, सोडली. पुन्हा उचलली. मग तो गप्प झाला. गाणं संपवलेलं नाही, म्हणून नाचणाऱ्यांना थांबता येईना. ढोलकी चालू, चाळ चालू, आणि मधे माझा नवरा मांडीवर हात ठेवून बसलेला. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. एखादं गाव झोपेत चालावं तसं वाटत होतं. शेवटी ढोलकीवाल्यानेच हात काढून घेतला.

ती दुसरी कॅसेट. ती फळ्यावर एकदम पहिली आली आणि दिवाळी उलटली तरी हलली नाही. सिनेमावाले खाली राहिले. लोक दुसरी बाजू लावायचे, बुवा गप्प होतो तिथपर्यंत पुढे पळवायचे आणि मग नुसते चाळ ऐकत बसायचे. मला खरं विचाराल तर सगळ्या कॅसेटींत तेवढाच भाग ऐकण्यासारखा होता. डोळे मिटले की पाण्याखाली कोणीतरी चालतंय असं वाटायचं. पण हे नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं. दुकानदाराने मला पेढा दिला, तो मी तिथेच खाऊन टाकला.

नवऱ्याने गाणं सोडलं. आमच्याकडे शिरस्ता असा की हरलेल्या बुवाने जिंकणाऱ्याच्या दारी नारळ घेऊन जायचं, उत्तर मागायचं, आणि ते मिळाल्यावरच पुन्हा ढोलकीजवळ बसायचं. हा जाईना. "माझाच सवाल चोरून ऐकलान आणि मना हरवलान. त्याच्या दारात मी जाव?" शिमगा गेला, लावणी आली. श्रावणात तालमी सुरू होतात. नाचणारे येऊन ओटीवर बसायचे, पावसाकडे बघायचे, उठून जायचे. एके दिवशी ढोलकीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनी, औंदा बुवा बसलं नायत तर नाच मोडला. आमाला पलीकडच्या वाडीनं बोलावलान."

मी नारळ पिशवीत घातला आणि नवऱ्याला म्हटलं, "तुमी येत असलात तर या. नायतर मी जाऊन इचारते आणि गावभर सांगते." तो माझ्या मागून आला.

तुरेवाला बुवा पडवीत सुंभ वळत बसला होता. उतरलेला, खोकणारा माणूस. नारळ बघून हातातलं काम ठेवलं.

"उत्तर मागूक आलंव," नवरा भिंतीकडे बघून म्हणाला.

"मना ठावक नाय."

"काय?"

"गुरूनं सवाल दिलान, उत्तर देवच्या आदी गेला. धा जणांना इचारला. कोणाला येत नाय."

"मंग माज्यावर घातलास कशाला?"

"तुजी कॅसेट एसटीत लागली व्हती. उठून जाव तर गाडी घाटात. तुजा सवाल ऐकला आणि वाटला, ह्या माणसाला येत असंल. तुज्याकडून तरी कळंल."

नवरा त्याच्या शेजारी सुंभावरच बसला. पागोळ्या पडत होत्या. दोन म्हातारे होऊ घातलेले पुरुष, एका रवीपायी वर्षभर झुरलेले.

तेवढ्यात बुवाची बायको चहा घेऊन आली. "अजून त्याच रवीत अडकल्याव?" ती म्हणाली. "धुणार कोण? समुद्रातून लक्ष्मी वर आली मा? नवी नवरी. पैल्याच दिवशी भांडी तिच्याच माथी."

मी म्हटलं, "आणि देव बसले असतील पंक्तीला."

"आणि वर इचारतील, बाय, रवी नीट पुसलीस काय?"

आम्ही दोघी हसलो. पुरुष हसले नाहीत. नवऱ्याने मान वर केली.

"लक्ष्मी म्हंजे शक्ती," तो हळूच म्हणाला. "आमच्या पक्षाचा उत्तर."

तुरेवाला बुवा कपाळावर हात मारून म्हणाला, "जल्ला, माज्याच चुलीवरनं शक्तीवाल्यांना उत्तर गेला." आणि आत जाऊन ढोलकी घेऊन आला.

त्या श्रावणात तालमी झाल्या, नाच मोडला नाही. ते उत्तर घालून तिसरी कॅसेट काढली, ती दुकानात तशीच पडून राहिली. लोकांना आमचा बुवा गप्प बसलेलाच जास्त आवडला होता. नवऱ्याने त्याचं काही मनाला लावून घेतलं नाही.

त्या संध्याकाळी तुरेवाल्याच्या घरून परत येताना पाऊस थांबला होता आणि सड्यावर ढग इतके खाली आले होते की आम्ही त्यांच्यातूनच चालत होतो. तो पुढे, मी मागे. मधेच दिसेनासा व्हायचा. गुणगुणणं तेवढं ऐकू यायचं, मोडकं, मधेच थांबणारं. मग ढगातून हाक आली.

"काय गो, लक्ष्मीनं ती रवी मातीनं घासलान का राखेनं?"

"राखेनं," मी म्हटलं. "लोण्याचा ओशट मातीनं जात नाय."

"राखेनं," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.