मधमाश्यांच्या वाट्याची शेवंती

पारूअक्का गेल्या, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी भांडी विसळलेलं पाणी घेऊन अंगणात निघाले होते. बाजेवरून त्यांनी विचारलं, "शेवंतीला चाललीस नव्हं?" मी मान हलवली. एवढंच आमचं शेवटचं बोलणं...

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्न होऊन तामलवाडीला आले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. कोणी काही विचारलं की माझ्या वतीने अक्काच उत्तर द्यायच्या. अंगणाच्या कडेला त्यांची पिवळी देशी शेवंती होती. फुलं सरली की त्या ती बुडापासून छाटायच्या. उन्हाळाभर नुसते काळे बुडखे दिसायचे, तरी पाणी चुकायचं नाही. पुढे बुडाशी कोवळी पिलं फुटली की ती वेगळी करून लावायच्या. त्यातल्या एका झाडाचं फूल मात्र कोणाला तोडू द्यायच्या नाहीत. मार्गशीर्षात गुरुवारी शेजारणी फुलं मागायला यायच्या. "अक्का, ते झाड देवाला सोडलंय व्हय?" एकीने टोमणा मारला. अक्का म्हणाल्या, "मधमाश्यांचं हाय ते. त्यांचा बी गुरुवार असतोय!" मग माझ्याकडे वळून हळूच, "माशी फिरली न्हाय तर भोपळा कुठनं धरंल गं?"

दहाव्याला पाहुणे येणार म्हणून अक्कांच्या सुनेने अंगण साफ करायला घेतलं. वाळलेले बुडखे उपटून ती ढीग घालत होती. ओट्यावर अक्कांचे मालक, म्हणजे थोरले भाऊजी, आणि भावकीतली माणसं बसलेली. त्यांच्यापुढे मी कधी मान वर केली नव्हती. पण जाऊन सुनेचा हात धरायलाही वेळ नव्हता... मी ओरडलेच, "अगं, उपटू नगं! जित्ती हायेत ती!" सून हातातला बुडखा तसाच धरून माझ्याकडे वळली. "काकी, तुम्हाला बोलता येतंय की!"

मग आम्ही दोघींनी मिळून ती पुन्हा लावली. आता काहींच्या बुडाशी हिरवी पिलं दिसतात. पण ढिगात सगळी मिसळली, त्यात मधमाश्यांचं झाड कोणतं ते अक्काच जाणोत. मी आपलं कडेचं एक मनाने नेमलंय. मार्गशीर्षात शेजारणी येतील, नेमकं त्याच झाडाकडे बोट करतील, आणि उत्तर द्यायला मी एकटी असेन. म्हणून संध्याकाळी पाणी घालताना, आसपास कोणी नाही असं बघून, मी म्हणून बघते... "त्यांचा बी गुरुवार असतोय."