बंदुकीच्या नळीतली ओली चिंधी

लग्न होऊन मी कडोलीजवळच्या गावात आले, तेव्हा सासरी माजघरात एक ठासणीची बंदूक टांगलेली होती. आजेसासऱ्यांची. दस्त्यावर चांदीची वेल. दसऱ्याला तिला गंधफूल वाहायचं, एवढंच. ती उडालेली कुणी पाहिली नव्हती.

सासरे गेल्यावर दुसऱ्या वर्षी ह्यांनी ठरवलं, यंदा सीमोल्लंघनाला बार काढायचा. शहरातल्या खडेबाजारात बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. त्याच्याकडे गेलो, तेव्हा मीही बरोबर होते. त्यानं नळीत बारीक गज फिरवला.

"आतनं लई गंजलीया, मालक. पूजेलाच ठेवा."

परतताना गाडीत मी म्हटलं, "ऐका की त्याचं. मला भ्या वाटतंय."

"बंदूक काय निस्ती बघायला असती व्हय?"

दसऱ्याच्या सकाळी ह्यांनी दारू ठासून बंदूक पूजेत ठेवली. देवघरात कुणी नाही असं बघून मी एक ओली चिंधी नळीत गजानं खोल सारली. दारू भिजेल, बार उडणार नाही, इतकीच माझी अक्कल.

दिवस कलताना हे बंदूक घेऊन वेशीकडं गेले. चुलतसासरे उशिरा जेवायला बसले होते. ते पलटणीत राहून आलेले. मी भात वाढत होते आणि ते सांगत होते, "आमच्यातल्या एकाच्या नळीत चिखल गेल्ता. चाप ओढला, नळीच फुटली. पंजा ऱ्हायला न्हाय गड्याचा."

पातेलं तिथंच टाकून मी धावले. अनवाणी, डोक्यावर पदर नाही. वेशीत सगळा गाव जमलेला, आणि ह्यांनी बंदूक खांद्याला लावलेली. मी ओरडले.

"थांबा! नळीत चिंधी हाय! मीच घातलीया!"

ह्यांनी बंदूक खाली केली. मागून धापा टाकत आलेल्या चुलतसासऱ्यांनी ती काढून घेतली. मला म्हणाले, "घरला जा, पोरी."

तीन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी चुलतसासऱ्यांनी नळी मोकळी केली. चिंधी वाळून घट्ट बसली होती, आणि तिच्यामागची दारू कोरडीच होती. ह्यांनी ती चिंधी हातात घेतली.

"एवढं भ्या वाटत हुतं, तर सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं हुतं."

बंदूक कापडात गुंडाळून ह्यांनी पेटीत ठेवली. पुन्हा कधी तिच्यात दारू भरली नाही. तरी दर दसऱ्याला हे ती पुसायला बसले, की पेटी बंद होईपर्यंत मी तिथून हलायची नाही.