सुटत नव्हती ती मूठ

"सोड! सोड म्हणतो ना, चोट्टी!"

देवळीजवळचं मालकाचं वावर. कापूस वेचणीचे दिवस. मी दहा-अकरा वर्षांची. आम्हाला पाणी वरून, ओंजळीत. त्या दिवशी मालकीणबाईच्या हातून लोटा निसटला आणि मी तो झेलला. घट्ट. मग बोटं उघडेनात.

"लोटा बाटवला इनं!" बाई किंचाळल्या.

मालक पऱ्हाटीची वाळकी काठी घेऊन आला. बोटांच्या पेरांवर हाणत राहिला. मी ओरडत होते, "सुटून नाई राह्यली जी मूठ!" मायनं त्याचे पाय धरले. थोड्या वेळानं मूठ आपोआप उघडली.

"ढोंगी जात," तो म्हणाला. लोटा विस्तवात टाकून शुद्ध केला. माझ्या सुजलेल्या हाताकडे कोणी पाहिलं नाही.

माझं अंगच तसं होतं. एकदम उठले की पाय जखडायचे, थोडं चालले की मोकळे. गावानं नाव ठेवलं, सोंगाडी. मलाही वाटायचं, खोट माझ्यातच.

मोठी झाले, सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कामाला लागले. तिथं एकदा हात असाच आखडला. मुकादमानं वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. डॉक्टरनं दंडात सुई टोचली. सुईची तार एका यंत्राला. यंत्रातून आवाज निघाला, चढावावर फटफटी रडते तसा. भोवती शिकाऊ पोरंपोरी. सगळे आपसात इंग्रजीत बोलत.

"मूठ वळ. सोड. पुन्हा."

पोरं हसली.

"डॉक्टरसाहेब, मले झालं काय?"

"तुला काय समजणार? तू फक्त हात दे."

मी त्याची दोन बोटं धरली. सगळ्या ताकदीनिशी. "सोड," तो म्हणाला. सुटेना. पोरं आणखी हसली. मग हळूहळू मूठ सैल झाली. मला कळलं. पण मी सोडली नाही.

"आता सुटते. पण मी सोडून नाई राह्यली. आधी सांगा."

हसू थांबलं. त्याचा चेहरा लाल. मग तो मला मराठीत समजावू लागला. मांसाच्या पेशीवर बारीक दारं असतात. सारखी उघडतात, मिटतात. त्यातून क्षारांचे कण ये-जा करतात, त्यांचीच सूक्ष्म वीज वाहते. पेशीला शांत करणारी दारं तुझ्यात पुरेशी उघडत नाहीत. म्हणून तू सोडलं तरी मांस आखडलेलंच राहतं.

"मंग यात माहा दोष?"

"नाही. जन्मापासूनची ठेवण आहे."

तेव्हा मी बोटं सोडली.

बाहेर आले. रडू आलं नाही, संताप आला. दारं माझ्या मांसात होती. मार मात्र जातीला पडला होता. आणि इतकी वर्षं मी स्वतःलाच खोटी समजत आले!

पुढच्या वर्षी शिकाऊ पोरांना दाखवायला दवाखान्यानं मला पुन्हा बोलावलं. गेले. उभी राहिले नाही. खुर्ची मागितली, बसले. डॉक्टरनं माझ्या हाताकडे हात नेला. मी हात मागे घेतला.

"आधी माहं नाव विचारा. मंग या पोराईले माह्या भाषेत सांगा, मले समजंल असं. नाई जमत, तर मी चालली."